मोटरहोममधला फ्रिज: गॅस, बॅटरी आणि वीज यांवर चालवायचा क्रम, आणि गार होत नसेल तर कुठून बघायचं

न्यूझीलंडमध्ये मोटरहोम भाड्याने घेऊन दक्षिण बेट फिरायला निघालेल्या मराठी कुटुंबांकडून एक तक्रार वारंवार ऐकू येते. दुसऱ्याच दिवशी दूध नासलं, डोशाचं पीठ फसफसून डब्याबाहेर आलं, म्हणजे फ्रिज बिघडलेलाच दिला. प्रत्यक्षात बहुतेक वेळा फ्रिज धडधाकट असतो. तो चुकीच्या वेळी चुकीच्या इंधनावर ठेवलेला असतो, गाडी उतारावर उभी असते किंवा गार व्हायच्या आधीच तो गच्च भरलेला असतो. युरोपात आणि ऑस्ट्रेलियात स्वतःची गाडी बाळगणाऱ्यांच्या हातूनही याच चुका होतात. म्हणून इथे सगळं क्रमाने मांडलं आहे. पायऱ्यांचा क्रम मोडू नका, कारण अर्ध्याहून अधिक घोटाळे क्रम मोडल्यानेच होतात.

टप्पा १: आपल्या गाडीत कोणता फ्रिज आहे ते ओळखा

फ्रिजच्या दारावरची किंवा वरच्या पट्टीवरची चिन्हं बघा. प्लग, बॅटरी आणि ज्योत अशी तीन चिन्हं असतील तर तो तीन इंधनांवर चालणारा ॲबसॉर्प्शन फ्रिज. डोमेटिक आणि थेटफर्ड ही त्यातली नेहमी दिसणारी नावं. ज्योतीचं चिन्ह नसेल आणि चालताना बारीक घरघर ऐकू येत असेल, तर तो १२ व्होल्टवरचा कॉम्प्रेसर फ्रिज. नव्या लहान कॅम्परव्हॅनमध्ये बहुधा हाच असतो. त्याची गणितं वेगळी आहेत, ती टप्पा ६ मध्ये दिली आहेत. टप्पा ५ पर्यंतचं सगळं पहिल्या प्रकाराबद्दल आहे.

ॲबसॉर्प्शन फ्रिज उष्णतेवर गार होतो. त्यात कॉम्प्रेसर नसतो, हलणारा एकही भाग नसतो. मागच्या बंद नळ्यांमध्ये अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन असतात. खालच्या बाजूला एक नळी तापवली जाते आणि पाण्यात विरघळलेला अमोनिया वाफ होऊन वर जातो. वर तो थंड होऊन द्रव बनतो, फ्रिजच्या आत त्याची पुन्हा वाफ होताना आतली उष्णता ओढून घेतो आणि शेवटी पाण्यात मिसळून खाली परततो. ती नळी तापवायला गॅसची ज्योत चालते, २३० व्होल्टची कॉइल चालते किंवा १२ व्होल्टची कॉइल चालते. नळ्यांना काय तापवतंय याच्याशी देणंघेणं नसतं.

यातून तीन नियम निघतात आणि पुढचं सगळं त्यांवरच उभं आहे. एक, हा फ्रिज संथ आहे. रिकाम्या अवस्थेतून गार व्हायला त्याला सहा-आठ तास लागतात. दोन, आतला द्रव केवळ उताराने खाली येतो, म्हणून गाडी तिरकी उभी असेल तर चक्र अडतं. तीन, आतून ओढलेली उष्णता मागच्या जाळ्यांतून बाहेर पडली पाहिजे. ती कोंडली की ज्योत कितीही चांगली असो, आत गारवा येत नाही.

टप्पा २: निघण्याच्या आदल्या रात्रीची तयारी

गाडी दुपारी ताब्यात घ्यायची, थेट सुपरमार्केट गाठायचं, दूध, दही, पनीर आणि चिकन गरम फ्रिजमध्ये कोंबायचं आणि लगेच डोंगराकडे निघायचं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. त्याऐवजी असं करा.

१. गाडी घेण्याच्या आदल्या दिवशी कंपनीला फोन करून फ्रिज विजेवर लावून ठेवायला सांगा. बहुतेक जण ठेवतात, पण सांगावं लागतं.

२. पहिली रात्र वीजजोडणी असलेल्या हॉलिडे पार्कमध्ये काढा. निळ्या तीन-पिन प्लगची जाड केबल गाडीला जोडा आणि फ्रिज प्लगच्या चिन्हावर ठेवा. २३० व्होल्टवर तो सर्वात बिनघोर चालतो.

३. थर्मोस्टॅट पहिल्या रात्री सगळ्यात जास्त गारव्याच्या खुणेवर ठेवा. सकाळी तो मधल्या खुणेवर आणा.

४. आत पाण्याने भरलेल्या दोन-तीन बाटल्या ठेवा. रिकामा फ्रिज दार उघडताच गारवा गमावतो. पाणी तो धरून ठेवतं.

५. फ्रिजमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर विकत घ्या आणि पाण्याच्या पेल्यात बुडवून मधल्या कप्प्यात ठेवा. हवेचं तापमान दार उघडताच बदलतं, पेल्यातल्या पाण्याचं तितक्या पटकन बदलत नाही.

तपासणी: पेल्यातलं पाणी ५ अंश सेल्सियस किंवा त्याखाली आलं की मगच नासणारं सामान भरा. त्याआधी नाही.

भरताना सामान आधीच गार असलेलं घ्या. कुकरमधली गरम आमटी किंवा भात आत ठेवू नका. घरच्या फ्रिजला ते पचतं, याला पचत नाही. मागच्या भिंतीवर ॲल्युमिनिअमच्या पट्ट्या असतात, त्यांना डबे टेकवू नका. डब्यांमधून हवा फिरेल इतकी फट ठेवा. लोणचं, तूप, चटणीपूड, कांदे-बटाटे यांना फ्रिजची गरज नाही. ती जागा पनीरला द्या.

टप्पा ३: गाडी चालू असताना १२ व्होल्ट

इंजिन सुरू झालं की फ्रिज बॅटरीच्या चिन्हावर. बटण स्वयंचलित खुणेवर असेल तर तो स्वतःच बदलतो. १२ व्होल्टवरची कॉइल साधारण १२० ते १७० वॅटची असते, म्हणजे १० ते १४ अँपिअर. एवढा प्रवाह इंजिनचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर चालणारा वीज तयार करणारा भाग, आरामात देतो. मात्र १२ व्होल्टवर अनेक मॉडेलांत थर्मोस्टॅट काम करत नाही, कॉइल सतत पूर्ण तापते. प्रवासात गारवा टिकवायला ही सोय पुरते. गरम फ्रिज गार करण्याची अपेक्षा तिच्याकडून ठेवू नका.

सावधान: गाडी थांबवल्यावर हाताने बदलायच्या जुन्या मॉडेलला बॅटरीच्या चिन्हावर विसरू नका. १०० अँपिअर-तासांच्या साध्या लेड-ॲसिड बॅटरीतली निम्मीच ताकद सुरक्षितपणे वापरता येते. ५० भागिले १२ म्हणजे चार तासांत खेळ संपला. मग दिवेही नाहीत, पाण्याचा पंपही नाही. काही जुन्या गाड्यांत इंजिन बंद झाल्यावर हा प्रवाह तोडणारा रिले (आपोआप चालणारं स्विच) नसतो, इंजिनची बॅटरीही उतरते आणि मग सकाळी इंजिनसुद्धा सुरू होत नाही.

गॅस प्रवासात बाटलीपाशीच बंद ठेवायचा. युरोपात अपघात झाल्यास गॅस आपोआप तोडणारे रेग्युलेटर बसवलेल्या गाड्या असतात आणि तिथे काही जण गॅसवर फ्रिज ठेवून गाडी चालवतात. आपल्या गाडीत तसा रेग्युलेटर आहे याची कागदावर खात्री नसेल तर तो विचारच करू नका.

पेट्रोल पंपावर शिरण्याआधी फ्रिज हाताने बंद करा. स्वयंचलित फ्रिज इंजिन बंद झाल्यावर साधारण १५ मिनिटं गॅस पेटवत नाहीत आणि ही सोय याच कारणासाठी ठेवलेली आहे. पण पंपावर रांग लागली, मुलं स्वच्छतागृहात गेली, की १५ मिनिटं सहज उलटतात. पेट्रोलच्या वाफेशेजारी ज्योत पेटण्याचा धोका घड्याळावर सोडू नये.

वेलिंग्टनहून पिक्टनला जाणाऱ्या फेरीवर गॅस बाटलीपाशी बंद करावा लागतो. प्रवास साधारण साडेतीन तासांचा आहे आणि तेवढा वेळ फ्रिज पूर्ण बंद राहील. आधीच नीट गार झालेला, भरलेला आणि दार न उघडलेला फ्रिज तेवढं सहन करतो. चढण्याआधीच मुलांना खाऊ काढून द्या.

टप्पा ४: मुक्कामी गॅसवर लावणं

न्यूझीलंडच्या संवर्धन खात्याच्या बहुतेक तळांवर वीज नसते. आओराकी माउंट कुकच्या पायथ्याचा व्हाइट हॉर्स हिल तळ त्यातलाच. अशा जागी गॅस हाच आधार, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

पहिलं पाऊल: गाडी समतल करा. जमीन सपाट दिसते म्हणून विश्वास ठेवू नका. गवंड्याकडे असते तशी छोटी लेव्हल फ्रीजरच्या तळावर ठेवा, आधी आडवी, मग उभी. बुडबुडा मध्याजवळ हवा. साधारण ३ अंशांपर्यंतचा कल चालतो, त्यापुढे नाही. गाडी चालत असताना कल सतत बदलतो म्हणून त्रास होत नाही. उभ्या गाडीत मात्र द्रव एका कोपऱ्यात साचतो, तापणारी नळी कोरडी पडून करपते आणि फ्रिज कायमचा बाद होऊ शकतो. चाकाखाली घालायचे पिवळे प्लास्टिकचे ठोकळे गाडीत असतात, ते याचसाठी आहेत.

दुसरं पाऊल: बाजू निवडा. बाहेरच्या भिंतीवर एकाखाली एक अशा दोन जाळ्या दिसतात, तो फ्रिजचा मागचा भाग. ती भिंत सावलीत आली पाहिजे. आपल्याकडे वर्षातला बराच काळ दक्षिणेची भिंत तापते. न्यूझीलंड आणि दक्षिण ऑस्ट्रेलियात सूर्य उत्तरेकडून जातो, म्हणून जाळ्यांची बाजू दक्षिणेला करा. दुपारनंतरचं पश्चिमेचं ऊनही टाळा. जोराचा वारा असेल तर जाळ्या वाऱ्याच्या उलट बाजूला हव्यात, नाहीतर ज्योत विझत राहते. वारा येतो म्हणून जाळीवर चिकटपट्टी लावणारे लोक आहेत. कृपा करून असं करू नका. त्याच वाटेने जळलेला वायू बाहेर पडतो आणि गळती झालीच तर हवेपेक्षा जड असलेला गॅस खालच्या जाळीतून निघून जातो.

तिसरं पाऊल: बाटली उघडा, पण सावकाश. झडप झटक्यात उघडली तर काही रेग्युलेटरमधली आणि नळीतली सुरक्षा-झडप ‘नळी फुटली’ असं समजून गॅस अडवते. युरोपातल्या अनेक गाड्यांत मग नळीवरचं बटण दाबून ती मोकळी करावी लागते. बाटलीनंतर आत फ्रिजच्या नावाची किंवा चित्राची छोटी चावीही उघडा. ओट्याखाली तीन-चार चाव्या एका ओळीत असतात आणि फ्रिजची बंद राहिली हे कुणाच्या लक्षात येत नाही.

चौथं पाऊल: आधी शेगडी पेटवा. बाटली नुकतीच बदलली असेल तर पाइपात हवा असते. शेगडीची ज्योत निळी आणि स्थिर झाली की हवा गेली आणि दाब ठीक आहे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कळतात. मग शेगडी बंद करा.

पाचवं पाऊल: फ्रिज पेटवा.

हाताने पेटवायचं मॉडेल असेल तर बटण ज्योतीच्या चिन्हावर आणा, गॅसचा नॉब सगळ्यात वर फिरवा आणि आत दाबून धरा. दाबलेलाच ठेवून ठिणगीचं बटण पुन्हा पुन्हा दाबा. आत खालच्या कोपऱ्यातल्या छोट्या काचेतून निळी ज्योत दिसते, किंवा पट्टीवरचा काटा हिरव्या भागात सरकतो. ज्योत दिसली तरी नॉब लगेच सोडू नका, आणखी १५ ते २० सेकंद दाबून ठेवा. ज्योतीत बसवलेला थर्मोकपल तापला की मगच तो गॅसची झडप उघडी धरतो. ‘पेटतो आणि सोडलं की विझतो’ या तक्रारीतला मोठा भाग नॉब लवकर सोडल्याचाच असतो.

इलेक्ट्रॉनिक मॉडेलमध्ये ज्योतीचं चिन्ह निवडलं की टकटक आवाज येतो आणि साधारण अर्ध्या मिनिटात ज्योत लागते. लागली नाही तर लाल दिवा लुकलुकतो. बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा, पुन्हा सुरू करा. बाटली बदलल्यावर अशा दोन-तीन खेपा लागू शकतात. तो स्वयंचलित खुणेवर असेल तर इंजिन बंद केल्यावरची ती १५ मिनिटं आठवा. त्या वेळात तो मुद्दामच गप्प असतो, बिघडलेला नसतो.

सावधान: एका वेळी एकच इंधन. जुन्या मॉडेलांत गॅसचा नॉब वेगळा आणि विजेची बटणं वेगळी असतात आणि दोन्ही एकदम चालू राहू शकतात. ‘दुप्पट गार होईल’ म्हणून असं करणारे भेटतात. नळी दुप्पट तापते, गारवा वाढत नाही आणि फ्रिजचं आयुष्य घटतं.

तपासणी: एक तासानंतर बाहेर जाऊन वरच्या जाळीसमोर तळहात धरा. ऊबदार हवा आली पाहिजे. तिथे ऊब असेल आणि आत हळूहळू गारवा येत असेल तर निवांत झोपा.

टप्पा ५: गॅस किती पुरेल, आणि थंडीत काय

साधारण १०० लिटरच्या फ्रिजला दिवसाला ३०० ग्रॅमच्या आसपास गॅस लागतो. ९ किलोची भरलेली बाटली नुसत्या फ्रिजला महिनाभर जाईल. पण त्याच बाटलीवर शेगडी, पाणी तापवणं आणि हीटर असतो, आणि खरा खादाड हीटर आहे. थंडीत गॅस लवकर संपला तर फ्रिजला दोष देऊ नका.

बाटलीत किती उरलंय हे बघायला तिच्या एका बाजूवरून कोमट-गरम पाणी ओता आणि वरून खाली हात फिरवा. जिथे पत्रा एकदम गार लागतो तिथपर्यंत द्रव गॅस आहे.

थंडीत गॅसची जात महत्त्वाची. ब्युटेन शून्य अंशाच्या जवळपास वाफ होणं थांबवतो, प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वाफ होत राहतो. युरोपात निळ्या-लाल बाटल्यांच्या रंगावर न जाता लेबल वाचा आणि थंडीत प्रोपेनच घ्या. बाहेर ८-१० अंशांखाली तापमान गेलं तर जाळ्यांवर बसवायची हिवाळी झाकणं लावा, कारण फार थंड हवेतही नळ्यांतलं चक्र मंदावतं. वसंतात ती आठवणीने काढा. उन्हाळ्यात विसरलेलं हिवाळी झाकण हे ‘फ्रिज गार होत नाही’ याचं सगळ्यात स्वस्त उत्तर आहे.

समुद्रसपाटीपासून १००० मीटरच्या वर गॅस पेटायला त्रास होऊ शकतो. तिथे अनेकदा प्रयत्न करावे लागतात. तो दोष यंत्राचा नाही, विरळ हवेचा आहे.

टप्पा ६: बॅटरीचा हिशेब आणि कॉम्प्रेसर फ्रिज

गॅसवर चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रिजलाही १२ व्होल्ट लागतात. ठिणगी, गॅसची झडप आणि नियंत्रण करणारी पाटी बॅटरीवर चालतात. प्रवाह अगदी थोडा असतो, पण दिवे-पंप चालवणारी बॅटरी (इंजिनची नव्हे) पुरती उतरली तर गॅसची बाटली भरलेली असूनही फ्रिज बंद पडतो. रात्री टीव्ही, लॅपटॉप आणि हीटरचा पंखा चालवून बॅटरी संपवली आणि पहाटे फ्रिज बंद मिळाला, तर कारण हेच.

लेड-ॲसिड बॅटरी काही तास स्वस्थ ठेवून मोजली तर १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली आणि १२.२ म्हणजे निम्मी. त्याखाली रोज उतरवली तर ती लवकर मरते. लिथियम बॅटरीला हे आकडे लागू नाहीत. तिचा व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहतो, म्हणून तिथे टक्केवारी दाखवणारा मॉनिटरच बघा.

आता कॉम्प्रेसर फ्रिज. तो चालताना साधारण ४ अँपिअर घेतो, पण सतत चालत नाही. निम्मा वेळ चालला असं धरलं तर दिवसाला ४८ अँपिअर-तास. म्हणजे १०० अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी फक्त फ्रिजला एक दिवस पुरते. उन्हाळ्याच्या स्वच्छ दिवशी १०० वॅटचं सौर पॅनेल साधारण २५ ते ३५ अँपिअर-तास भरतं, हिवाळ्यात त्याहून बरंच कमी. एका जागी दोन रात्री राहायचं असेल तर दुसऱ्या दिवशी थोडी गाडी चालवा किंवा वीज असलेल्या तळावर जा. या फ्रिजला थोडा उतार चालतो, तो लवकर गार होतो आणि उन्हाळ्यात जास्त भरवशाचा आहे. मला विचाराल तर लहान गाडीत मी हाच घेईन. मात्र त्याची सगळी भिस्त बॅटरीवर आहे हे विसरून चालत नाही.

कॉम्प्रेसर फ्रिज सुरू होतो आणि लगेच बंद पडतो, असं झालं तर आधी व्होल्टेज बघा. बारीक तारांतून आणि सैल जोडांतून व्होल्टेज गळतं आणि बॅटरी भरलेली असूनही फ्रिजला ती उतरलेली वाटते. बॅटरीपाशी १२.६ आणि फ्रिजपाशी चालू असताना ११.५ दिसत असेल तर दोष तारेत आहे.

टप्पा ७: गार होत नाही, आता काय?

आता पुन्हा ॲबसॉर्प्शन फ्रिजकडे येऊ. इथे घाईने बटणं फिरवू नका. नळ्या तापतायत का, आणि तापत असतील तर गारवा तयार होतोय का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आधी पहिल्याचं उत्तर मिळवा.

१. सहा तास दिलेत का? समतल आहे का? जाळ्या मोकळ्या आहेत का? दाराचा रबर सगळीकडून चिकटतो का? कागदाची पट्टी दारात अडकवून ओढा. सहज निसटली तर तिथून गारवा जातोय. आतल्या पट्ट्यांवर तीन मिलिमीटरहून जाड बर्फ असेल तर फ्रिज बंद करून गरम पाण्याचं भांडं आत ठेवा आणि बर्फ वितळू द्या. सुरीने खरवडू नका.

२. इंधन बदलून बघा. ही सगळ्यात उपयोगी परीक्षा. वीजजोडणीवर पूर्ण रात्र चालवा.

विजेवर गार होतो पण गॅसवर नाही, तर नळ्या ठीक आहेत आणि दोष बर्नरच्या बाजूला आहे. गॅसवर गार होतो पण विजेवर नाही, तर कॉइल, फ्यूज किंवा तार. कोणत्याच इंधनावर गार होत नाही, पण वरच्या जाळीतून चांगली ऊब येते, तर आतलं चक्रच अडलेलं आहे.

३. फक्त प्रवासात गार होत नसेल तर १२ व्होल्टची बाजू तपासा. इंजिन चालू ठेवून फ्रिजमागच्या जोडणीवर मल्टीमीटर लावा. १२ व्होल्टची कॉइल १०.५ व्होल्टवर आली तर तिची उष्णता जवळजवळ २३ टक्क्यांनी घटते, कारण उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. दोष बहुधा फ्यूजच्या खोबणीत सापडतो. तासन्‌तास १२-१४ अँपिअर वाहिल्याने सैल खोबण तापते आणि प्लास्टिक पिवळं पडतं किंवा वितळतं. अशा वेळी नुसता फ्यूज बदलून भागत नाही, खोबण बदला. फ्यूज जितक्या अँपिअरचा लिहिला आहे तितक्याचाच घाला, मोठा नाही. नव्या डिझेल गाड्यांत इंजिनचा संगणक अल्टरनेटरचं व्होल्टेज मधूनमधून मुद्दाम उतरवतो. तिथे फ्रिजला स्थिर व्होल्टेज देणारा वेगळा चार्जर लागतो.

स्वतःच्या गाडीत कॉइल तपासायची असेल तर वीज पूर्ण तोडून तिच्या दोन्ही टोकांमधला रोध मोजा. व्होल्टचा वर्ग भागिले वॅट हे उत्तर यायला हवं. १२ व्होल्टच्या १२० वॅट कॉइलला १.२ ओहम, २३० व्होल्टच्या १२५ वॅट कॉइलला साधारण ४२० ओहम. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली आहे.

४. गॅसवर पेटत नाही. शेगडी पेटते का? नसेल तर बाटली, रेग्युलेटर किंवा चावी. शेगडी पेटते आणि ठिणगीचा आवाजही येतो, पण फ्रिज पेटत नाही, तर बर्नरपर्यंत गॅस नीट पोचत नाही. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की कोळी बर्नरमध्ये जाळं विणतो, किंवा वरच्या धुरांड्यातून गंजाची पापुद्री जेटवर, म्हणजे गॅस सोडणाऱ्या बारीक छिद्रावर, पडते. आवाजच येत नसेल तर १२ व्होल्ट किंवा पेटवायची तार. पेटतो पण नॉब भरपूर वेळ धरूनही विझतो, तर थर्मोकपल सैल, मळलेला किंवा निकामी.

सावधान: जेटमध्ये सुई किंवा पिन घालू नका. ते छिद्र केसाइतकं बारीक असतं. थोडं मोठं झालं तरी ज्योत पिवळी होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, ज्याला वास नसतो. बर्नर आणि जेट परवानाधारक गॅसफिटरनेच उघडावेत. भाड्याच्या गाडीत तर आपण हातही लावायचा नाही, थेट कंपनीला फोन.

लगेच थांबायचं ते प्रसंग

गॅसचा वास आला तर बाटली बंद करा, दारं उघडा, दिव्याचं एकही बटण दाबू नका, सगळ्यांना बाहेर काढा. फोन बाहेर, गाडीपासून लांब जाऊन करा. तातडीचा क्रमांक न्यूझीलंडमध्ये १११, ऑस्ट्रेलियात ०००, युरोपात ११२. बाटली बदलल्यानंतर जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघायची सवय लावा. काडी पेटवून गळती शोधू नका. काही जोडांचे आटे उलटे असतात, ते जोर लावून बसवायला जाऊ नका.

वरच्या जाळीवर काजळी दिसली, ज्योत पिवळी दिसली किंवा घरातल्या दोघातिघांचं एकदम डोकं दुखायला लागलं, तर गॅस बंद करून मोकळ्या हवेत या. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे का हे पहिल्याच दिवशी बटण दाबून बघा.

नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास किंवा मागच्या नळ्यांवर पिवळी पूड दिसली, तर नळी फुटली आहे. ती पूड गंजरोधक क्रोमेटची असते आणि विषारी आहे. हात लावू नका, फ्रिज बंद करा. ही दुरुस्ती रस्त्यात होत नाही, मागचा संचच बदलावा लागतो.

आणि अन्नाचं. ऑस्ट्रेलियात सांगितला जाणारा नियम सोपा आहे. ५ अंशांच्या वर दोन तासांच्या आत असेल तर पुन्हा गार करून चालतं, दोन ते चार तास झाले तर लगेच खाऊन टाका, चारच्या पुढे टाकून द्या. चिकन, मासे, शिजवलेला भात आणि दूध यांच्याबाबत ‘वास तर येत नाहीये’ हा पुरावा धरू नका.

टप्पा ८: प्रवास संपल्यावर

फ्रिज रिकामा करा, बंद करा, बाटलीची झडप बंद करा. आत खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसा आणि कोरडं करा. दाराच्या कडीला बहुधा दोन खाचा असतात; बाहेरच्या खाचेत ती अडकवली की दार बोटभर उघडं राहतं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर दार त्याच खाचेत ठेवा, नाहीतर पुढच्या प्रवासाला आत काळी बुरशी मिळेल. वर्षातून एकदा, उन्हाळी हंगामाच्या आधी, गॅसफिटरकडून बर्नर आणि धुरांडं साफ करून घ्या, आणि त्याच भेटीत गॅसची रबरी नळी बघायला सांगा. तिच्यावर बनवल्याचं वर्ष छापलेलं असतं.